वामनरावांचा शिक्का

वणीहून वामनराव गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी आधी शिक्का पाहिला, मजकूर नंतर वाचला. ही खोड त्यांनीच लावलेली. शिक्का पुसट होता, तारीख लागेना. खाली मुलाच्या चार ओळी... त्याला आता दीड महिना झाला.

बोरी अरबला ते पोस्टमास्तर होते, मी शाळेत मास्तर. मोठ्या लढाईत ते फौजेच्या टपालात नोकरीला होते, पण त्याचा तोरा त्यांनी कधी मिरवला नाही. तोरा होता तो शिक्क्याचा. प्रत्येक पाकिटावर ठासून, पुरा गोल उमटेल असा मारायचे. थैली नेणारा बाहेर खोळंबून कुरकुरायचा. मी चिडवायचो, "लग्नपत्रिका छापून राह्यले काय?" ते म्हणायचे, "मास्तर, मजकूर ज्याचा त्याचा. शिक्का आपला."

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तिथल्या बौद्ध कुटुंबांनी घरचे देव नदीत सोडले. त्यांतल्याच चंद्रभागाबाईंनीही देवांची टोपली पाण्यात उलटी केली, आणि देवांखाली जपून ठेवलेली नवऱ्याची पत्रंही त्यांच्याबरोबर पाण्यात पडली. कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्यांनी ती काढली, पण शाई धुऊन गेली होती. नवरा तुळशीराम लढाईत बेपत्ता झालेला. फौजेतून परत आलेल्या एकानं, तो कलकत्त्याहूनच पळाला, अशी कंडी पिकवली होती. त्यावर बाईंचा एकच जबाब, ती पत्रं.

वाळवलेली पाकिटं घेऊन त्या पोस्टात आल्या तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"मले येवढंच सांगा जी," त्या म्हणाल्या, "माहा मानूस पयाला का?"

वामनरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि पाकिटं टेबलावर मांडली. शिक्क्याची शाई तेलकट, ती टिकली होती. फौजेतल्या पत्रात ठिकाण लिहायला बंदी असे, आणि लढाईवरच्या शिक्क्यातही गावाचं नाव नसे, नुसता नंबर. ते नंबर वामनरावांना पाठ होते. पुणे, कलकत्ता... मग आसाम, मग ब्रह्मदेशाची हद्द. कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का, आणि त्याखाली पलटणीच्या साहेबाची कॉपिंग पेन्सिलीनं केलेली सही, पाण्यानं उलट जास्तच जांभळी झालेली.

"सगळ्याईवर एकच सही हाय, बाई. कलकत्त्याच्या आधी अन् नंतरही. पयालेल्याच्या पत्रावर साहेब सही करत नाही."

"मंग हाय कुठी?"

"ते शिक्क्यात नाही." मग शेवटच्या पाकिटावरच्या शिक्क्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा शिक्का माहाच हाय. याची कड तुटली होती. तिकडं मीच मारला."

"तुमी पायलं त्याईले?"

"नाही. थैल्या येत, आम्ही शिक्के मारत असू."

बाई रडल्या नाहीत. वामनरावांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. घरी जायची वाट पोस्टाच्या मागून होती, पण पाकिटं पदरात बांधून त्या मुद्दाम बाजारातून गेल्या.

पुढं वामनरावांची वणीला बदली झाली. आम्ही एकमेकांना कार्डं लिहीत राहिलो, आणि मी त्यांच्या शिक्क्यांना नावं ठेवायला जागा शोधत राहिलो. सापडली नाही.

ते गेल्याची बातमी चंद्रभागाबाईंना सांगायला मीच गेलो. तोवर मी कोरडाच होतो. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड दारातल्या उजेडात धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, आणि मला एकदम भरून आलं.

"कोनं मारला हा?" त्या रागानं म्हणाल्या. "त्याईच्या कार्डावर तरी नीट मारा लागत होता ना जी!"