सावलीत सुकवायचं बियाणं

माझ्या बायकोच्या मामांइतका, न दिसणाऱ्या जिवांना जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे जीव म्हणजे जमिनीतले जिवाणू. आम्ही सगळे मामांना नाना म्हणायचो. ऐंशीच्या दशकात ते धुळ्याहून गव्हासाठी जिवाणू खताची पाकिटं न्यायचे. पिंपळनेरच्या एस.टी.त स्वतः उन्हात बसायचे आणि पिशवीला सावलीची बाजू द्यायचे. कंडक्टर हसला तर म्हणायचे, “हाऊ बठ्ठा जिता माल शे, भाऊ.” घरातली सगळ्यात गार खोली पाकिटांची, मी जावई असूनही पत्र्याखाली झोपायचो. मामींनी भाताची गरम पेज अंगणात ओतली, की नाना असे कळवळायचे जणू कुणाच्या पायावरच सांडली. या जिवाणूंमुळे मुळं खोल जातात आणि गहू पाण्याचा ताण सोसतो, असं ते पारावर सांगत सुटायचे. एका वर्षी विहिरीला पाणी कमी होतं. पाच शेजारी म्हणाले, “नाना, एक पाणी कमी देऊन तुमचा पट्टा तगला, तर पुढच्या साली आम्हीही वापरू.”

नेमका पेरणीच्या दिवशी त्यांना ताप भरला. मी धुळ्यातल्या देवपूरहून एका दिवसाच्या रजेवर गेलो होतो. अंथरुणातून त्यांनी तीनदा बजावलं: पाकीट गुळाच्या पाण्यात कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा. ऊन लागलं की जिवाणू मरतात. मी चोळलं सगळं नीट, पण सावलीत ते सुकेना आणि मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी गोणपाट ओढून उन्हात घेतलं. तासाभरात बियाणं खडखडीत वाळलं.

पौषात जिवाणू लावलेला आणि न लावलेला, दोन्ही पट्टे सारखेच कोमेजले. शेजारी म्हणाले, “नाना, तुमना किडा सासरले गयात का?” नाना हसले नाहीत. दोन्हीकडची रोपं उपटून त्यांनी मुळं धुतली आणि शेजारी शेजारी ठेवली. लांबी सारखीच. मी तेव्हा सुट्टीला आलो होतो; माझ्याकडे वळून विचारलं, “जवाईबापू, सावलीमाच सुकाडं ना?”

मी म्हणालो, “हो नाना.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, पाचही घरी घेऊन चला, आपण लोकांना भलतीच आशा लावली. मी त्यांना स्कूटरवर नेलं. प्रत्येक दारात ते हात जोडून सांगायचे, आपल्या मातीला हे जीव मानवत नाहीत, नका वापरू. एकाने शंका काढली, बियाणं उन्हात तर नाही वाळवलं? नाना एकदम ताठ झाले. “आमना जवाईनी सावलीमा सुकाडं शे,” म्हणाले. मी स्कूटरचं हँडल धरून शेजारीच उभा होतो.

त्यानंतर त्यांनी पाकीट आणलं नाही, आणि त्या गावात दुसऱ्या कुणीही नाही. नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परतीच्या वाटेवर त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि आपल्यापायी मला दारोदार फिरावं लागलं, या काळजीने हळूच विचारलं होतं, “मनामुळे दमी गयात ना, जवाईबापू?”