अयालेवचा वाटा

सासूबाई गोज्जामहून आल्या त्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या, की गेन्नाच्या, म्हणजे नाताळच्या, सकाळी त्रेचाळीस दिवसांचा उपास सोडायचा तो नव्या सुनेच्या हातच्या कोंबडीनेच, आणि तुकडे त्या स्वतः मोजणार. एका कोंबडीचे बारा म्हणजे बारा. त्यांच्या सासूने त्यांचे मोजले होते, तिच्या सासूने तिचे. थोरल्या सुनेचे दहाच भरले होते. त्याला आठ वर्षं झाली, तिला तीन पोरं झाली, तरी अख्खं गोज्जाम तिला अजून ‘दहावाली’ म्हणतं.

येशीने मान खाली घालून ऐकून घेतलं. लग्नाला जेमतेम अडीच महिने झालेले. गोज्जामपासून दूर, देगहबूरच्या आरोग्य केंद्रात ती नर्स. शंभरेक बाळं तिच्या हातांवर जगात आली असतील, पण कोंबडीचे तुकडे करायला शिकवणारी आई तिच्या लहानपणीच गेली होती. वसतिगृहात वाढलेली पोर, तिला येऊन येऊन काय येणार, डाळीचं कालवण. पण जिद्द म्हणाल तर हटवादीपणाच. उपासाच्या दिवसांत ख्रिस्ती घरात कोंबडी आणायची सोय नाही, म्हणून नवऱ्याने या बारा तुकड्यांचं आधीच कानावर घातल्यापासून ही बया महिनाभर शेजारच्या सहराच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची आणि तिच्या सोललेल्या कोंबड्यांचे तुकडे करून द्यायची. सहरा मुसलमान, तिला कसला आलाय हा उपास! महिनाभर रोज कोंबडी खाऊन सहराचा नवरा गुलेद पार वैतागला, पण येशीची सुरी आता सांधा चुकत नव्हती.

सणाच्या आदल्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. सकाळपासून मंद आचेवर कांदा परतून परतून लाल मिरचीत एकजीव झालेला, तुकड्यागणिक एक अशी बारा अंडी उकडून तयार, आणि कोंबडा टेबलाच्या पायाला बांधलेला. नव्हता फक्त नवरा. तेफेरा ट्रक घेऊन गेलेला, दुपारपर्यंत येतो म्हणालेला, आणि दुपारी त्याचा फोन आला की वाटेत अॅक्सल तुटला, आता पहाटेशिवाय काही खरं नाही. सासूबाई तर केव्हाच चर्चला गेल्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी या परक्या मुलखातूनही गोज्जामच्या दोन बायका शोधून काढल्या होत्या. तिघी आता रात्रभराची पूजा संपवून सकाळीच येणार होत्या, उपाशी.

आणि कोंबडा जिवंत. बाईने त्याच्या मानेवर सुरी ठेवायची नाही. हात पुरुषाचा हवा, तोही ख्रिस्ती, आणि पित्याचं, पुत्राचं नाव घेऊन सुरी फिरवणारा. गुलेद बिचारा बाह्या सरसावून आला होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. म्हणाला, तुमचं कापलेलं मी खात नाही, माझं तुम्ही खात नाही, म्हणजे फिट्टंफाट. पण रिक्षा आहे माझी, चर्चपर्यंत सोडतो, तिथे पुरुषांना काय तोटा!

तोटा नव्हता, पण सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. येशी कोंबडा कवेत घेऊन एकेकापुढे उभी राहिली. एक म्हणाला, बाई, आत्ताच धुऊन घातलंय. दुसरा म्हणाला, उद्या सकाळी येतो की. अरे, उद्या सकाळी येऊन काय करणार, रस्सा शिजायला सहा तास लागतात! तिसऱ्याने तर शाल सावरून तोंडच फिरवलं. पाच जणांनी नाही म्हटलं तेव्हा येशीला रडू यायचंच बाकी होतं, पण रडून कोंबडा कापला जात नाही हे तिला ठाऊक होतं. ती सहाव्याकडे निघाली.

तेवढ्यात फाटकाजवळून आवाज आला, “मुली, कुठवर त्याची वरात काढणार आहेस? आण इकडे. माझे कपडे मळायचे राहिलेले नाहीत.”

हा अयालेव. जुना शिपाई. उजवा हात लढाईत गेला, तेव्हापासून फाटकाशी पुठ्ठा अंथरून बसतो. येशीने पंख आणि पाय गच्च धरले, त्याने डाव्या हातात सुरी घेतली, प्रार्थना पुटपुटली, आणि एका झटक्यात काम झालं. तिने नोट पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

“पैसे रोज मिळतात,” तो म्हणाला. “सणाला लोक मला रस्सा लावलेली इंजेऱ्याची पोळी देतात. फार तर चोखलेलं हाड. चौदा वर्षांत अख्खा तुकडा कुणी हातावर ठेवला नाही. मला तुकडा हवा.”

“देईन,” येशी म्हणाली. “मरियमची शपथ.”

घरी येऊन तिने कोंबडा सोलला, लिंबू-मीठ लावून सात पाण्यांत धुतला आणि सांध्यासांध्यावर सुरी ठेवली. बारा तुकडे, एकही हाड न फुटता. ताटात ओळीने मांडून ती त्यांच्याकडे बघत बसली, इतके देखणे झाले होते. मग एकदम शपथ आठवली. बारातून एक गेला की अकरा. जन्मभर ‘अकरावाली’. तिने तुकडे रश्शात सोडले आणि झाकण ठेवलं.

पहाटे तेफेरा आला, डोक्यापासून पायापर्यंत ग्रीसने माखलेला. येशी तंगडी इंजेऱ्यात गुंडाळत होती. तिने सगळं सांगितलं तसा तो पायरीवर बसला.

“मांडीचे दोन कर. आईला हल्ली कमी दिसतं.”

“नाही.”

“मग मी सांगतो, भूक लागली म्हणून मी खाल्ला. ती मला शिव्या देईल, तुला नाही.”

खरं तर येशीला त्या क्षणी त्याचा ग्रीसने माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरावासा वाटला. पण ती म्हणाली, “तू खाल्लास म्हटलं, की त्या माणसाला दिला कुणी? अकरा तर अकरा. मला लपूनछपून सून व्हायचं नाही.”

तेफेरा उठला. “चल, मीही येतो,” म्हणाला. तसाच, न धुता.

अयालेवने पुडी घेतली, हुंगली आणि कोटाच्या आत ठेवली. उपास सुटायची घंटा अजून व्हायची होती.

सकाळी तिघी म्हाताऱ्या ताटाभोवती बसल्या. सासूबाई एकेक तुकडा बोटाने सारून मोजायला लागल्या. अकरावर बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. गोज्जामच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“येशी,” सासूबाई म्हणाल्या, “कोंबडा लंगडा होता का गं?”

तेफेराने तोंड उघडलं, पण येशी आधी बोलली. तिने सगळं सांगितलं, पाच पांढरे कपडेवाले, अयालेव, शपथ. एकही वाक्य तिने अर्धवट सोडलं नाही. “तुकडे बाराच झाले होते, आई. एक त्याचा होता.”

सासूबाईंनी ताटावरचं बोट उचललं.

“म्हणजे तंगडी त्याला दिलीस?”

“हो.”

“आणि अंडं?”

येशी गडबडली. घाईघाईत अंडं राहूनच गेलं होतं. तिने तसं सांगितलं.

“सणाच्या दिवशी पाहुण्याला कुणी बिनअंड्याचा तुकडा वाढतं का?” सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आई नव्हती, म्हणून एवढंही कुणी शिकवलं नाही होय तुला. घे ती शाल.”

त्यांनी रश्शातून एक अंडं उचललं आणि इंजेऱ्याच्या तुकड्यात गुंडाळलं. गोज्जामच्या दोघींचे हात ताटाकडे निघाले होते, त्यांना त्या म्हणाल्या, मी परत येईपर्यंत कुणी शिवायचं नाही. आणि त्रेचाळीस दिवसांची उपाशी म्हातारी गरम अंडं शालीखाली धरून सुनेच्या पुढे चालायला लागली.