चार खाटा आणि मार्थाबाईंचे अंगण

अमडापूर, बुधवार, १६ जानेवारी

गौरव समितीची आधी क्षमा मागतो. आपली तीन पत्रे आली; तिन्ही जपून ठेवली आणि एकालाही उत्तर दिले नाही. वेळ नव्हता असे लिहिले तर ते खोटे होईल. आदरणीय मार्थाबाई साळवे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायचे, तर जो प्रसंग सांगायलाच हवा त्यात माझी एक चूक येते. ती गाळून लेख जमतो का, हे दोन महिने करून पाहिले. जमला नाही. म्हणून आज आहे तसे लिहितो.

बाईंची माझी ओळख काट्याने झाली. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मी बी. ए. होऊन इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आलो आणि आठ दिवसांत पायात बाभळीचा काटा मोडून घेतला. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराला लागून दोन खोल्यांचा मिशनचा दवाखाना होता. त्यात चार लोखंडी खाटा, एक कपाट आणि नर्स म्हणून एकट्या मार्थाबाई. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाईंनी काटा काढला, पट्टी बांधली आणि माझे अक्षर कसे आहे असे विचारले. बरे आहे, म्हणालो. "पाय दुखते, हात तर चालू हाय ना?" असे म्हणून त्यांनी औषधाच्या बाटल्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. त्या दिवसापासून मी दवाखान्याचा लेखनिक आहे. कोणी नेमले नाही, कोणी काढलेही नाही.

बाईंच्या रुग्णनोंदीत नाव आणि गाव एवढेच लिहिले जाई. जातीचा रकाना मी एकदा आखला होता. त्यांनी त्यावर शांतपणे कागदाची पट्टी चिकटवली. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्या रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी आमच्या घरी येत, त्या औषध द्यायला नव्हे, तिची वेणी घालायला. आजारी बाईला केस विस्कटलेले असले की आपण माणसांतून उठलो असे वाटते, असे त्यांचे म्हणणे. मी मुलगा असून मला हे सुचले नव्हते.

आता तो प्रसंग. परदेशी मिशनरी गेले आणि मिशनची मदत हळूहळू आटली. मंडळीच्या पंचांनी ठरवले की हिवाळ्यापर्यंत मदतीची वाट पाहावी, ती आली नाही तर दवाखान्याला कुलूप लावावे. पंचांमध्ये वाईट कोणी नव्हते. त्यांना पुढचे दिसत नव्हते, एवढेच. अशात अकोल्याच्या एका नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूची शिबिरे भरवण्याची तयारी दाखवली. शस्त्रक्रियेनंतर रोग्याने दोन्ही डोळे बांधून, मान न हलवता काही दिवस उताणे पडून राहायचे असते. त्यामुळे त्यांची अट होती की किमान वीस खाटा हव्यात. कमी असतील तर येऊन उपयोग नाही.

आमच्याकडे चार होत्या. पंच म्हणाले, नाही म्हणून कळवा. बाईंनी या म्हणून कळवले. त्यांच्या सांगण्यावरून ते पत्र मीच लिहिले. गावात खाटा मागाव्यात, तर आमच्या दवाखान्यात कोण कुठल्या जातीचा निजेल या शंकेने कोणी देणार नाही, हे मला पक्के माहीत होते. मी हिशेब मांडला. चार खाटा, आणि प्रार्थनामंदिरातल्या बाकांच्या जोड्या लावून आणखी आठ. एकूण बारा. मी बारा नावांची यादी केली आणि बाईंना दाखवली.

"मास्तर, तुम्ही मोजून काऊन राह्यले?" बाईंनी विचारले. मी म्हणालो, कोणीतरी मोजायला हवे. त्यावर त्या म्हणाल्या, "पाच भाकरीच्या वक्ती प्रभूनं आधी काय केलं? लोकाइले गवतावर बसवलं. भाकरी मागून वाढल्या. बसवाचं काम आपलं हाय. वाढाचं त्याचं."

पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातल्याची ती गोष्ट मला पाठ होती; मी मान डोलावली. पण यादी खिशातच ठेवली.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी बाई आठवडी बाजारात गेल्या होत्या आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. सुलतानपूरहून यशोदाबाई नावाच्या वृद्धा सुनेचा खांदा धरून आल्या. दोन बस बदलून आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेले. मी यादी पाहिली आणि जागा भरल्या, पुढच्या वर्षी या, असे सांगितले. माझा स्वर मऊ होता, हे मला अजून आठवते. त्या एवढेच म्हणाल्या, "पुढच्या साली मी असन का नाई, भाऊ," आणि सुनेचा खांदा चाचपून परत फिरल्या.

बाई दुपारी आल्या, तेव्हा मी हे सहज सांगितले. खरे तर मी कर्तव्य पार पाडल्यासारखे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मास्तर, दवाखान्याले कुलूप पंच लावतीन तवा लावतीन. तुम्ही तं आजच लावलं." आणि लगेच पुढे, "बस हाय अजून. जा, घेऊन या त्याइले."

संध्याकाळी सुलतानपूरला पोहोचलो. यशोदाबाई सूप मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत तुरीतले खडे वेचत होत्या. मी क्षमा मागितली. सून दारातच आडवी उभी राहिली. "काऊन हो मास्तर, यादीतलं कोणी मेलं काय?" तिने विचारले. मी पुन्हा क्षमा मागितली. शेवटी म्हातारीच म्हणाली, "आला हाय तं येऊ दे बापा त्याले आत. पाणी दे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही निघालो, आणि यशोदाबाईंची बाज बसच्या टपावर होती. ही कल्पना सुनेची. खाट नव्हती म्हणूनच परत पाठवले ना, मग आम्ही आमची आणतो, असा तिचा टोमणा होता. बाजेचे तिकीट कोण काढणार, असे कंडक्टरने विचारले. ती म्हणाली, बाज बसली नाही, निजली हाय.

अमडापूरला उतरून दवाखान्याच्या वळणावर आलो आणि मी थबकलो. अंगणात, प्रार्थनामंदिरात, समोरच्या चिंचेखाली बाजाच बाजा होत्या. रस्त्यावर बैलगाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर उलट्या टाकलेल्या आणखी बाजा, पाय वर करून. बाई बाजारात हेच सांगून आल्या होत्या. "ज्याले दिसत नाई त्याले घेऊन या, अन् त्याची बाज संगं आणा." ज्याची बाज त्याची, कोण कुठे निजेल हा प्रश्नच उरला नाही. जो अडथळा मला पक्का माहीत होता, तो त्यांनी एका वाक्यात बाजूला केला होता.

अकोल्याचे डॉक्टरसाहेब अंगणाच्या मध्यभागी उभे होते. "मी वीस म्हणालो होतो," असे ते दोनदा म्हणाले, आणि मग मुक्काम वाढवत असल्याची तार करायला त्यांनी मला पोस्टात पाठवले. रोग्यांची मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लागतात. गावातल्या बायांनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि ओढ्यातली वाळू चाळून, भाजून भरली. पट्ट्यांचे कापड दुपारीच संपत आले. बाजारातले कापडवाले करीमभाई मांजरपाटाचे अख्खे थान खांद्यावर घेऊन आले. बाईंनी मोजपट्टी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, कैची तुम्ही चालवा. थान मी धरतो."

पट्ट्या सुटल्या त्या सकाळी मी यशोदाबाईंच्या बाजेजवळ उभा होतो. त्यांनी डोळे मिचकावले, माझ्याकडे निरखून पाहिले आणि सुनेला विचारले, "हाच का तो यादीवाला? आवाजावरून मले मोठा वाटला होता." सगळे अंगण हसले. मीही हसलो, आणि मला वाटते त्या हसण्यातच माझी क्षमा झाली. त्या रविवारच्या उपासनेला पंचांनी कुलपाचा विषय काढला नाही. तो पुन्हा कधीच निघाला नाही. शिबिर तेव्हापासून दर हिवाळ्यात भरते.

मी स्वभावाने शंकेखोर आहे. एकदा बाईंना विचारले की बाजा तर लोकांनी आणल्या, कापड करीमभाईंनी दिले. मग यात देवाने पुरवले ते काय? बाई सुया उकळत होत्या. म्हणाल्या, "देव आभायातून खाटा टाकीन, असं मी कवा म्हटलं? लोकाइच्या घरी त्यानं आधीच ठेवल्या होत्या. आपल्याले मागाची लाज वाटत होती." या उत्तरावर मी बरीच वर्षे विचार केला आहे. ते खोडून काढता आले नाही, आणि आता तशी इच्छाही नाही.

आज पंच्याहत्तराव्या वर्षीही बाई सकाळी आपल्या हाताने दवाखान्याचे दार उघडतात. त्यांचे गुडघे दुखतात. ते आम्हाला कळू नये म्हणून त्या भिंतीला धरून चालतात आणि आम्हीही पाहिले नाही असे दाखवतो. प्रभू त्यांच्या पायांना बळ देवो, त्यांची नजर अशीच निवळ राहो, आणि ज्या हातांनी इतक्यांच्या पट्ट्या सोडल्या ते हात आमच्या डोक्यावर पुष्कळ वर्षे राहोत. आम्हाला अजून त्यांच्याकडून पुष्कळ शिकायचे आहे, आणि आम्ही सावकाश शिकणारे आहोत.

उद्याचे काम: पहिल्या बसने सुलतानपूरला जाऊन समारंभाचे आमंत्रण यशोदाबाईंच्या हातात देणे.