त्या सकाळी 'थम' कोण म्हणालं?

भुताखेतांशी माझा कधीच संबंध नव्हता. प्रवासाला निघताना मोज्यांचे जोडसुद्धा यादीत लिहिणारा माणूस मी. पण हा एक अनुभव मला आजवर कुठल्याच खान्यात बसवता आलेला नाही... म्हणून इथे लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सोबत एनसीसी. फौजेत अधिकारी व्हायचं हे पक्कं होतं. कुहीजवळ आमची धानाची शेती. बाबांची अट — "सी सर्टिफिकेट भेटलं त जाय फौजेत. नाही त बंडी हाक."

एनसीसीच्या त्या परीक्षेत तुकडीला ड्रिलच्या ऑर्डर द्याव्या लागत. हॉस्टेलात ओरडलं की पोरं हसायची, म्हणून मी सुट्टीत गावी बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, हाकताना सराव करायचो. "तेज चल!" म्हटलं की बैल निघत, "थम!" म्हटलं की उभे. बाबा म्हणत, "पलटन मस्त तयार केली गा! आता माहं कोनी आयकतच नाही."

आणि नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी घसा बसला. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, सगळं क्रमाने केलं. सकाळी नागपूरच्या मैदानावर "तेज चल" कसंबसं निघालं. तुकडी चालू लागली — थेट परीक्षकांच्या चहाच्या टेबलाकडे. थांबवायला तोंड उघडलं... आवाजच नाही! सर्वांत पुढे माझा मित्र मोरेश्वर, टेबल हाताच्या अंतरावर —

"थम!"

मैदान दणाणलं. सगळे बूट एकदम आपटले. मेजरसाहेब कप ठेवून उठले, "शाबाश! गला है या तोप!"

नंतर मोरेश्वर म्हणाला, "काबे, घसा बसला म्हने! नाटक करून रायला होता का?"

मी उत्तर द्यायला गेलो. घशातून नुसती हवा निघाली.

घसा मोकळा झाल्यावर गावी गेलो. बाबांनी दारातच विचारलं, "परीक्षेच्या सकाळी वावरात आलता का गा?"

"नाही. काहून?"

"बंडीत धानाचं तणस भरून आनत होतो. तुहा आवाज आला — थम! बैल जागीच उभे. म्या तुले वावराच्या साऱ्या बांध्यांत धुंडलं."

दुसरं कोणी ओरडलं म्हणावं, तर तुकडीतल्या प्रत्येकाने माझाच आवाज ओळखला होता. भास म्हणावा, तर बैलांना कसला भास? आणि मधे चाळीसेक किलोमीटर...

सर्टिफिकेट मिळालं. पुढे निवडही झाली. ट्रेनिंग संपवून, खांद्यावर तारे लावून कुहीच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. समोरून बाबा बंडी हाकत येत होते. कासरा त्यांनी मुद्दाम सैल सोडला आणि ओरडले, "म्हन गा, साहेब!"

मी छाती भरून म्हणालो, "थम!"

बैल उभे राहिले. गाव टाळ्या वाजवत होतं. बाबा मात्र तसेच बसून होते, डोळे पुसत.

"हाच," ते म्हणाले. "हाच आवाज होता."

त्या सकाळी तो माझ्या घशातून निघाला नव्हता, एवढंच मला ठाऊक आहे. कोणाच्या निघाला, ते आजही नाही.