शिरोरेषा थांबेपर्यंत

पौषातला एक रविवार, सकाळ. हजर: मी, नवरा, आणि बेलापूरजवळच्या दिवाळे गावाहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई. मुलगी बंगळुरूला असते, ती फोनवर. टेबलावर नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर, ज्याच्या की-बोर्डच्या पोटातच सगळं मशीन आहे, आणि त्याला जोडून बघायला तीन पडदे: घरातला टीव्ही, मुलगी मागे ठेवून गेलेला रुंद मॉनिटर, आणि तळोज्यात मी काम करते त्या कंपनीतून भंगारात निघालेला एक चौकोनी.

काम एकच होतं. यातला एखादा पडदा न लुकलुकता चालतो का ते ठरवायचं. चालला, तर नवऱ्याला पुन्हा त्या मशीनसमोर बसता येईल. नाही चालला, तर मशीन घराबाहेर जाईल. ही अट माझी. कोणीतरी घालायला हवी होती, आणि वर्षभर घरातलं प्रत्येक 'हो' आणि 'नाही' माझ्याकडेच येत होतं.

गेल्या वर्षी त्याला जेवता जेवता फिट आली. मग आणखी एकदा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काय काय बंद ते सांगितलं. मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं: गाडी चालवणं, जागरण, खाडीकडे एकट्याने फिरायला जाणं, लुकलुकणारे दिवे आणि पडदे. पहिली तीन बंधनं त्याने मुकाट्याने पाळली. नोकरीही स्वतःच सोडली. नंतर तो दिवसभर गॅलरीत बसायला लागला. मी कामावर गेले की नणंदबाई येऊन त्याच्याजवळ थांबायच्या. त्या लसूण सोलायच्या आणि तो समोरच्या टॉवरची क्रेन बघायचा.

आणि एके दिवशी त्याने माळ्यावरचं मशीन मागितलं. वर्षभरात स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट.

नव्वदच्या दशकात घणसोली गावात भाड्याच्या खोलीत बसून तो लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींवर नावं टाकायचा. चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, हळदीचा दिवस, वरातीचं गाव. त्या मशीनवर तेव्हा मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्याने एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं होतं. जोडाक्षरं अर्धवट राहिली. ती आता पूर्ण करायची होती.

मूळचा डबा-मॉनिटर मी लावूच दिला नाही. तो किती थरथरतो ते मला लग्नापासून माहीत आहे. त्या काळी नवऱ्याने त्याच्यावर काळपट काच चिकटवली होती, डोळ्यांना कमी त्रास व्हावा म्हणून. आता प्रश्न डोळ्यांचा नव्हता.

सुरुवात टीव्हीपासून केली. नवऱ्याला गॅलरीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. पडद्याकडे बघायचं नाही, आम्ही बघून सांगू. माउस माझ्या हातात. कुठे दाबायचं ते तो पाठमोरा सांगत होता आणि त्याचं एकदाही चुकलं नाही.

"आलं का 'शुभविवाह'?"

"आलं," मी म्हटलं. "स्थिर वाटतंय."

"वयनी, चष्मा पूस," पलंगावरून नणंदबाई म्हणाल्या. "अक्षरां बरी हायत. वरची दांडीच नाचते. हलदीला बायका नाचतान तशी."

मी जवळ जाऊन बघितलं. बरोबर होतं. अक्षरं जागच्या जागी होती आणि त्यांच्या डोक्यावरची रेघ तेवढी थरथरत होती.

नवरा पाठमोराच हसला. बऱ्याच दिवसांनी.

"शिरोरेषा ना? हलणारच. हे मशीन चित्र दोन खेपांत काढतं. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. अक्षराचं अंग जाड, ते दोन्ही खेपांना सापडतं. शिरोरेषा एकाच ओळीची. एका खेपेला असते, दुसऱ्या खेपेला नसते."

"मग दोन ओळींची कर," मी म्हटलं. "प्रश्न मिटेल."

"दुकानाची पाटी दिसेल."

"एवरी बारीक कशाला काढायची मग?" नणंदबाई म्हणाल्या. "लग्नाच्या कॅसेटीन लोक नवरी बगतान. तुजी दांडी कोन बगतोय?"

"मी बघतो ना, ताई."

त्या परत पडद्याकडे वळल्या. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

फोनवरून मुलगी म्हणाली, "आई, टीव्ही सोड. मी कुरियरने पाठवलेली डबी मध्ये लाव. ती दोन्ही खेपा जोडून अख्खं चित्र एकदम पुढे पाठवते. मग कॉम्प्युटरचा मॉनिटर. फक्त तो सेकंदाला पन्नास चित्रं घेणारा हवा. बरेच मॉनिटर साठच्या खाली घेतच नाहीत."

डबी लावली. रुंद मॉनिटरने चित्र न दाखवता इंग्रजीत नकार दिला. तो उचलून खाली ठेवला. वाकताना माझी कंबर दुखली. आजची चपातीची कणीक अजून मळायची आहे हेही तेव्हाच आठवलं.

चौकोनी मॉनिटरवर थोडा वेळ काळोख होता. मग 'शुभविवाह' आलं.

आम्ही दोघी बघत राहिलो. नणंदबाई उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"थांबली," त्या म्हणाल्या. "कापल्या मासलीसारखी गप हाय."

"नक्की?" नवऱ्याने विचारलं. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले होते.

मी लगेच हो म्हटलं नाही. चित्र फार प्रखर वाटत होतं, म्हणून त्याला सोसेल असा उजेड मी बेताचा केला. आणि मुलीला दाखवायला मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरला, तर मोबाइलमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसले. डोळ्यांना काहीच नाही, मोबाइलला मात्र पट्टे.

"आई, उजेड कमी केलास का?" मुलगी म्हणाली. "कमी केला की आतला दिवा भराभर चालू-बंद होतो. डोळ्याला कळत नाही. पूर्ण वाढव."

पूर्ण वाढवला. पट्टे गेले. त्याला बरं पडावं म्हणून जे केलं होतं, त्यानेच लुकलुक आली होती. मी बटणावर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा कोणाचा हात लागायला नको, माझाही. खोलीत उजेड राहावा म्हणून खिडकीचे पडदे उघडले. सगळं पुन्हा एकदा तपासलं.

"बसू मग?" नवरा म्हणाला. अजून पाठमोराच होता.

"डॉक्टरांना विचारू दे."

"डॉक्टर काय सांगतील ते सांगतील. तुला काय वाटतं ते विचारतोय."

मला काय वाटतं हे वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. पडदा स्थिर आहे, एवढं मी सांगू शकत होते. त्याच्या डोक्यात काय होईल ते मला सांगता येत नव्हतं.

"विचारून मग बस," मी म्हटलं आणि मशीन बंद केलं. नणंदबाई कणीक मळायला उठल्या.

या गोष्टीला आता दोन आठवडे होत आले. चौकोनी मॉनिटर टेबलावर आहे, वर फडकं टाकून. दवाखान्याचा नंबर मी मोबाइलमध्ये सर्वात वर आणून ठेवला आहे. डॉक्टर नाही म्हणाले तर ते मला घरी येऊन त्याला सांगावं लागेल, आणि माझ्याच अटीप्रमाणे मशीन बाहेर काढावं लागेल. फोन करायचा राहिला आहे.