उंबऱ्याबाहेरचं मांस

हिंगणीच्या देवकाबाईंचं घर महानुभाव पंथाचं. मांस कधी उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. उंबऱ्याबाहेर मात्र ते रोज येई. त्यांची मांजर मनी दूधभाताला तोंड लावत नसे. तिला नत्थूच्या दुकानातली कच्ची कोंबडी लागे.

फ्रिजमध्ये दूध-दही, म्हणून कोंबडीची पिशवी गोठ्याच्या खुंटीला दिवसभर लटके. उन्हानं प्लास्टिकला आतून घाम फुटे, तळाशी गुलाबी, चिकट पाणी साचे. बाहेरून माश्या. संध्याकाळी देवकाबाई नाकाला पदर लावून मागच्या अंगणातल्या फरशीवर तुकडे करत. पिवळी चरबी बोटांना बिलगे, कलेजी नखांत शिरे. मग डोक्यावरून आंघोळ केली की झालं. फरशीवर तांब्याभर पाणी पडे, आणि तिच्यावरच घासलेली भांडी पालथी घातली जात.

देवकाबाईंना नवऱ्याचं, वासुदेवरावांचं, मूत्रपिंड बसवलेलं. शरीरानं ते नाकारू नये म्हणून रोजच्या गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद उतरलेली. त्या बाहेरचं पाणीही पीत नसत. तरी या उन्हाळ्यात ताप आणि जुलाबांनी दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

"घरात कच्चं मांस कोण हाताळतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या घरात येतच नाई, बाई."

मग त्या सलाइनकडे पाहत पुटपुटल्या, "गोठ्यात येते. मांजरीसाठी."

"मग यापुढं तुम्ही हात लावायचा नाही. दुसऱ्यानं हातमोजे घालून, आणल्याबरोबर शिजवायचं. सुरी, भांडी, फरशी आधी साबणानं, मग उकळत्या पाण्यानं. उरलेलं लगेच उचलायचं. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडही जाऊ शकतं."

डॉक्टरीणबाई बाहेर जाताच मुलगा आदेश म्हणाला, "मी तिले बोरच्या जंगलात सोडून येतो."

देवकाबाई रडू लागल्या. "ऑपरेशननंतर कोणाले माह्याजवळ येऊ देत नव्हते. ते मनीच एकटी खिडकीत बसून राहे रे."

"माही किडनी का कोंबडीपायी घालवतं?" वासुदेवराव चिडले. "शिजवाले बसन कोण?"

सून अंकिता तोंडावर हात धरून मागं सरली.

"मंग मीच बसतो," ते म्हणाले. "पण मले कोणी हासू नका."

देवकाबाई घरी आल्या त्या दिवशी गोठ्यामागं तीन दगड मांडले, त्यावर जुना डबा. पाणी उकळलं तसा करडा फेस वर आला, कातडी आकसून वळली. तो वास वासुदेवरावांच्या मिशांत जाऊन बसला. ते भिंतीकडे वळून ओकारले, तोंड पुसून परत आले. निवल्यावर हातमोज्यांतल्या बोटांनी हाडं वेगळी करू लागले. दोरे सुटावेत तसं मांस सुटत होतं, आणि प्रत्येक दोऱ्याला त्यांचा चेहरा वाकडा होत होता.

मनीनं हुंगलं आणि मागं सरकली.

"खाय वं! नाईतर आदेश नेते तुले."

"बाबा, मीठ टाका थोडं," आतून अंकिता.

"तू चूप राय!"

मनी पुन्हा जवळ आली. एकदा चाटलं, मग लपालपा, जबडा वाकडा करून खाऊ लागली. वासुदेवरावांनी मान फिरवली.

"उष्टं उचला लवकर," स्वयंपाकघराच्या दारातून देवकाबाई म्हणाल्या. "माश्या बसून राह्यल्या."

"उचलतो. तू आत जाय."

त्या आत गेल्या. वासुदेवरावांनी श्वास रोखला, ताटली हातभर लांब धरली आणि साबण घेऊन नळाकडे निघाले.