कानबाईच्या सोमवारची गाडी

"सर, अक्का गाडीत बसत नाहीत," मिलिंद फोनवर म्हणाला.

मिलिंद आमचा ड्रायव्हर. गाडी सोनगीरच्या आतल्या बाजूच्या एका गावात, अक्कांच्या दारासमोर उभी होती. मी धुळ्याच्या ऑफिसात नुकताच चहा ओतून घेत होतो.

"बसत नाहीत म्हणजे? पाय उचलत नसेल. रॅम्प काढ."

"रॅम्प काढलाय सर. त्या येणारच नाही म्हणतात. घरात कानबाई आहे."

चहा राहिला तसाच.

आधी माझं काम सांगतो. एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून माझी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर घरात बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा एका संस्थेत लागलो. संस्थेच्या गाड्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या, अपंग आणि ज्यांना गाडी परवडत नाही अशा माणसांना दवाखान्यात नेतात आणि परत आणून सोडतात. गाडीला उंच टप आहे, व्हीलचेअर थेट आत चढावी म्हणून मागे उतरता रॅम्प आहे. कोणाला कुठून उचलायचं, कोणत्या क्रमानं, हे मी ठरवतो. त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात. खरं म्हणजे दिवसभर फोनवर ओरडणारा माणूस.

आमच्याकडे एक नियम आहे, तोही मीच केलेला. दारात गाडी दहा मिनिटं थांबते. पेशंट आला नाही तर "नो-शो" टाकायचा आणि निघायचं. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण गाडीत आधीच बसलेल्या माणसालाही वेळ असते. त्या दिवशी गाडीत शिंदखेड्याचे रफिकचाचा होते. मूळ धंदा शिंप्याचा. शुगरनं एक पाय गेला, मग किडन्या गेल्या. त्यांचं आणि अक्कांचं डायलिसिस एकाच शिफ्टला होतं.

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीननं करणं. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, अंगात साठलेलं पाणी ओढायचं, रक्त परत सोडायचं. ठरलेल्या वारी ते झालंच पाहिजे. अक्कांचे वार बुधवार आणि शनिवार. पण त्या शनिवारी धुळ्याच्या डायलिसिस सेंटरमधला पाणी शुद्ध करणारा प्लांट बंद पडला आणि सगळ्यांचं पुढे गेलं. तिथल्या सिस्टरनं रविवार दुपार किंवा सोमवारची पहिली शिफ्ट देऊ केली. अक्का म्हणाल्या, रविवारी कानबाई बसते, सोमवार द्या. मी दिला.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी पाहुणी येते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला पाटावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवतात. त्यासाठी सगळी भाऊबंदकी घरी येते, कामाला सुरतला गेलेलीसुद्धा. माझ्या घरीही होती. माझे डोळे जागरणानं चुरचुरत होते. पण आमची कानबाई उजाडताच निघते, म्हणून मी धरून चाललो होतो की सगळ्यांचीच निघते. इतकी वर्षं खानदेशात काढून ही अक्कल! बाहेरच्या माणसानं निदान विचारलं तरी असतं.

"फोन अक्कांना दे," मी म्हणालो.

"सायेब, कानबाई घरमा शे." अक्का थांबल्या. श्वास घेतला. "तिले सोडीसन मी..." परत श्वास. "दवाखानामा कशी जाऊ?"

सिस्टरनं मला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. डायलिसिसचा पेशंट एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल तर पाणी फुप्फुसात चढलंय असं समजायचं आणि चर्चा बंद करायची. अक्का एरवी एका दमात अर्ध्या गावाची खबर सांगणारी बाई.

"अक्का, तुमचा मुलगा पोचवेल ना तिला. तुम्ही गाडीत बसा."

"मोठी सून मी शे. मीच उचलस." श्वास. "दरसाल."

"मग आत्ता उचला आणि निघा!"

"सुरतवाला येवाना शेत."

फोन मिलिंदकडे गेला. त्यानं हळू आवाजात सांगितलं की अक्कांच्या दिराची मोटर नवापूरला अडकली आहे, ते आल्याशिवाय कानबाई हलायची नाही. आणि अक्का पाट डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत जाणार म्हणतात. ओठ जरा निळसर दिसतायत.

"सर, उचलून गाडीत टाकू का?"

"देवीच्या दिवशी, भरल्या घरातून? गाव तुला टाकेल नदीत."

सेंटरला फोन लावला. सिस्टर घाईत होती. शनिवारचे पेशंट तुंबल्यामुळे दाराशी रांग होती.

"नऊपर्यंत दोन्ही मशीन धरते. त्यानंतर वेटिंगमधला लावणार. मग मला काही सांगू नका."

मग मॅडमला. मॅडम आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर, नाशिकला बसतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नो-शो टाका आणि गाडी काढा. दुसऱ्या पेशंटचा स्लॉट का घालवताय? अक्कांसाठी अँब्युलन्स बोलवा."

"अँब्युलन्स आली तरी त्या बसणार नाहीत मॅडम. प्रश्न गाडीचा नाहीच."

"मग आपण काय करणार? नियम तुमचाच आहे ना?"

होता. आणि मॅडमचं चूकही नव्हतं. एसटीत मी घंटी वाजवून गाड्या सोडल्या, मागे पळत येणाऱ्यांसाठी कधी थांबवल्या नाहीत. पण त्या पळणाऱ्यांना दुसरी गाडी होती. अक्कांना ही गाडी गेली की पुढची मिळेपर्यंत त्या राहतील का, याची मला खात्री नव्हती. मला भीती वाटत होती. मी मिलिंदला परत फोन लावला.

"मिलिंद, घरात सगळ्यात मोठं कोण?"

"आबा आहेत. चुलत सासरे."

आबांना फोनवर घेतलं. आधी त्यांनी मला रीत ऐकवली, की सगळे भाऊबंद गोळा झाल्याशिवाय कानबाई निघत नाही.

"भाऊबंद बठ्ठा गोया व्हतस, तवय कानबाई निंघस."

"आबा, माझ्या घरीही कानबाई बसते. रीत मी मोडायला सांगत नाही. पण अक्कांचा श्वास ऐका. डोक्यावर पाट घेऊन वाटेत पडल्या तर? पाटासकट पडतील."

पलीकडे बायकांची गाणी चालली होती. त्यातून आबांचा आवाज आला, पण माझ्याशी नाही, घरातल्यांशी.

"सुरतवाला सरका नदीवर येतीन. त्यासले फोन करा." म्हणजे सुरतवाले परस्पर नदीवर येणार, त्यांच्यासाठी थांबायचं नाही.

कोणीतरी बाई म्हणाली, अक्कांना चालवत नाही, मग पाट कोणाच्या डोक्यावर द्यायचा? दुसरी म्हणाली, मान त्यांचाच आहे, दुसरीला कसा द्यायचा? तिसरीनं आणखी काही काढलं. घड्याळाकडे बघून माझा जीव खालीवर होत होता.

"पाव्हनीले आपन मोटरमा बसाडीसन धाडतस ना?" आबा ओरडले. "मंग हाई बी पाव्हनीच शे! अक्काले गाडीमा बसाडा, कानबाई तिना मांडीवर द्या."

एकदम गलका झाला आणि मिलिंद फोनवर आला.

"सर, बसल्या! कानबाई मांडीवर आहे. निघालो."

मी खुर्चीवरून उठलो आणि लगेच परत बसलो, कारण दोनच मिनिटांत त्याचा पुन्हा फोन.

"सर, गल्लीत गाडी हलत नाही. घरोघर बायका थांबवतायत, ओवाळतायत, अक्कांच्या पाया पडतायत."

"हॉर्न वाजव!"

"देवीची गाडी आहे सर, कसा वाजवू?"

शेवटी आबाच गाडीच्या पुढे चालू लागले. हातातलं उपरणं फिरवत, "नदीवर ओवाळा, नदीवर!" असं ओरडत त्यांनी वाट करून दिली. नदी गावाबाहेर पुलापाशीच, आमच्याच रस्त्यावर. तिथं अक्कांनी गाडीच्या दारातूनच कानबाई सुनेच्या हातात दिली. सुरतवाल्यांची मोटर अजून यायचीच होती. अक्का जागेवरून हात जोडून बघत राहिल्या, हे मला नंतर मिलिंदनं सांगितलं. त्या वेळी मला काहीच कळत नव्हतं. पुलापलीकडे रेंज जाते. मी फोन लावत होतो आणि ती बाई पुन्हा पुन्हा मला सांगत होती की आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक क्षेत्राबाहेर आहे.

मी रिक्षा करून सेंटरवर गेलो. नऊ वाजून गेले. सिस्टर बाहेर येऊन माझ्याकडे बघून आत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "एक मशीन द्यावं लागलं. एकच राहिलंय, तेही फार वेळ नाही."

गाडी आली. रॅम्प पडला. अक्कांची मान सैल, कपाळभर हळदीकुंकू, पदरात तांदूळ. बोटाला लावतात त्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा बघून डॉक्टरांनी काही विचारलं नाही, सरळ आत घेतलं. मला म्हणाले, "आणखी थोडा वेळ झाला असता तर मशीनचा उपयोग नव्हता."

मागून चाचांची व्हीलचेअर उतरली. त्यांना सांगावं लागलं. सांगणं माझंच काम.

"चाचा, एकच मशीन आहे. तुम्हाला दुपारची शिफ्ट."

चाचा मोठ्या मनानं राहू दे म्हणतील, असं मला वाटलं होतं. चाचा तसे नाहीत.

"साहेब, तुमची कानबाई गेली नदीवर, आणि माझं मशीन गेलं दुसऱ्याकडे," ते म्हणाले. "दहा मिनिटांचा नियम मला एकदा लावला होता तुम्ही. संडासात होतो मी. आज कुठं गेला नियम?"

ते दुपारपर्यंत बाकड्याशेजारी बसून राहिले, अर्धा कप चहावर, दर तासाला माझ्या खानदानाची चौकशी करत. मीही तिथंच बसलो. त्यांना उलटी झाली तेव्हा बादली धरली. संध्याकाळी दोघांचंही झालं तेव्हा कुठं मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मॅडमकडे माझी तक्रार केली. मॅडमनी खुलासा मागितला. मी लिहिलं की तक्रार खरी आहे. त्यावर काय करणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की नियम ठेवतो, पण आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेशंटला फोन करून "उद्या घरी काही आहे का?" एवढं विचारतो. सणवार, लग्न, मयत, काहीही. तेव्हापासून विचारतो. त्यात माझी संध्याकाळ जाते, कारण बहुतेकांच्या घरी काही नसतं आणि तेच ते सविस्तर सांगतात.

अक्कांना पुढच्या बुधवारी मी सेंटरवर गाठलं. आता त्या एका दमात बोलत होत्या. मला राग आला होता आणि तो मी काढला.

"अक्का, त्या दिवशी तुम्ही मेला असता. कळतं का तुम्हाला? कशासाठी हट्ट करायचा इतका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शहरातल्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं.

"सायेब, मी घरमा मरती तं बठ्ठासले सुतक लागतं. मंग कानबाई कोन उठाडतं? म्हनीसन तं आधी तिले पोचाडं, मंग दवाखानामा उनू."

म्हणजे आपण मरू शकतो हे त्यांनाही त्या सकाळी ठाऊक होतं. घाई आम्हा दोघांनाही होती, फक्त आधी कोणाला पोचवायचं यावर आमचं जमत नव्हतं. मी मिलिंदला हाक मारली आणि सांगितलं, परतीच्या ट्रिपला आधी चाचांना सोड.

"उलटं पडेल सर. अक्कांचं गाव आधी लागतं."

"पडू दे," मी म्हणालो. "अक्कांना विचारलंय मी. घरी आज काही नाही."